अळणी वरणाचा खटला

१

सुई टोचली होती, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं.

कंपाउंडर चंपतराव म्हणत होते, मी टोचली. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणत होता, मी पाहिली. जेलच्या दवाखान्यात राबणारा जन्मठेपेचा कैदी देवाजी म्हणत होता, बाटली मीच काढून दिली. ज्याला टोचली तो धोंडबा बोलण्याच्या अवस्थेत असता, तर तोही हेच म्हणाला असता. पण शुक्रवारी सकाळी वाघदरा जेलची बराक उघडली तेव्हा धोंडबा जमिनीवर आडवा पडला होता. जीभ कोरडी ठाक, श्वास ओढून आणल्यासारखा, आणि हाक मारली की डोळे उघडून भलतीकडेच पाहत होता. माणसाला औषध रोज मिळत होतं आणि माणूस रोज थोडा थोडा मरत होता.

ही बातमी ॲडव्होकेट शामला खोब्रागडेकडे पोचली ती पंचफुलाच्या पायांनी. पंचफुला ही धोंडबाची बायको. कुहीहून पहिली एसटी धरून ती जेलच्या फाटकावर गेली, तिथून हाकलली गेली आणि मे महिन्याच्या उन्हात चालत नागपूरच्या इंदोऱ्यात शामलाच्या खोलीवर आली. दारातच ती मटकन बसली.

"बाई, माह्या माणसाले वाचवा जी. शिपाई म्हणते, आता दोन दिवसाचा पाहुणा हाये."

शामलानं आधी तिला पाणी दिलं आणि मग मनातल्या मनात साऱ्या जेलखात्याला शिव्या दिल्या. शिव्या देण्यात ती हात आखडता घेत नसे. कोर्टात मात्र तोंडातून 'मायलॉर्ड' शिवाय वावगा शब्द जायचा नाही, त्यामुळे उरलेल्या सगळ्या घरी खर्च व्हायच्या.

धोंडबाची केस तिनंच लावली होती. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडण झालं, धोंडबाची काठी शेजाऱ्याच्या डोक्यात बसली आणि सात वर्षांची सजा झाली. जेलमध्ये गेल्यावर त्याला साखरेची बिमारी निघाली, तीही इन्शुलिनशिवाय न भागणारी. जेलचे डॉक्टर आठवड्यातून एकदा उगवत आणि ताकदीच्या गोळ्या देऊन मावळत. शेवटी शामलानं नागपूर खंडपीठात अर्ज केला. कैदी झाला म्हणून माणसाचा जगायचा हक्क जप्त होत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. मार्चमध्ये कोर्टानं हुकूम दिला: इन्शुलिन रोज द्या, ते थंड राहील अशी सोय करा, खर्च सरकारचा. एप्रिलभर धोंडबा सुधारला, गाल भरून आले. मे लागला आणि तो पुन्हा खंगायला लागला.

आता सोमवारी पुढची तारीख होती. जेलनं प्रतिज्ञापत्र आधीच दाखल केलं होतं. औषध हुकुमाप्रमाणे दिलं जातं. कैद्याची बायकोच मुलाखतीच्या वेळी चोरून गोड खाऊ घालते. सबब अर्ज फेटाळावा. अर्ज फेटाळला की हुकूम गेला, हुकूम गेला की इन्शुलिन गेलं. त्यानंतर धोंडबा किती तग धरणार, हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती.

"गोड खाऊ घातलंस काय वं?" शामलानं विचारलं.

पंचफुलानं पदर तोंडात धरला. "एकडाव देल्ले होते. मोहफुलं. त्याले लय आवडते. पण औषधाचं मी जीवापाड केलं, बाई. बर्डीवरच्या औषधाच्या दुकानवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, हे तान्ह्या लेकरावानी सांभाळा, उन्हानं मरते आन् लय गारठ्यानंबी मरते. हुकूम याच्या आधी मीच ओल्या फडक्यात गुंडाळून नेत होती." मग तिनं शामलाचा हात धरला. "मीच मारलं काय जी त्याले?"

२

वाघदरा जेलचे अधीक्षक ठोंबरे हे गोड बोलणारे गृहस्थ होते. शामलाला बसायला पंख्याखालची खुर्ची दिली, वर पन्ह्याचा पेला. पन्ह्यात बर्फाचे चौकोनी खडे एकमेकांवर टकटक वाजत होते. बाहेरच्या फुफाट्यातून आलेल्या माणसानं अशा वेळी तत्त्व पाळू नये. शामलानं पेला रिकामा केला आणि मग भांडायला सुरुवात केली.

"त्याला आत्ताच्या आत्ता मेडिकलच्या मोठ्या इस्पितळात हलवा."

"हलवला असता हो. पण सोबत द्यायला गार्ड नाही. सगळी कुमक बंदोबस्ताला गेली आहे." ठोंबरे हसले. "आणि बाई, दोष औषधाचा नाही. आम्ही सुई टोचतो. बाकी त्याची बायको बघून घेते."

"कोर्टानं मला औषधाची सोय पाहायची मुभा दिली आहे. ती पाहते."

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली होती. धोंडबा कडेच्या खाटेवर होता. शामलानं त्याला एप्रिलमध्ये मुलाखतीच्या जाळीतून पाहिलं होतं, हा तो माणूस नव्हता. हात काटक्या झाले होते, ओठांवर पापुद्रे धरले होते. खाटेखालच्या भांड्याभोवती मुंग्यांची रांग लागली होती. ती वाकली तशी तो पुटपुटला, "पाणी." पाणी दिलं तर परत "पाणी" म्हणाला.  या माणसाला आपण कागद जिंकून दिला, पण जीव काही देता आला नाही, असं तिला वाटून गेलं.

चंपतराव कंपाउंडर परीक्षानळी घेऊन आले. निळ्या औषधात धोंडबाच्या लघवीचे थेंब टाकून त्यांनी ती दिव्यावर धरली. साखर नसेल तर रंग निळाच राहतो, थोडी असेल तर हिरवा होतो, फार असेल तर विटेसारखा. बघता बघता नळी विटकरी झाली.

"रोज अशीच येते," चंपतराव हताशपणे म्हणाले. "औषधाचा भाग वाढवला तरी अशीच येते."

"औषध ठेवता कुठे?"

त्यांनी कोपऱ्यातली पत्र्याची पेटी दाखवली. वर ओलं गोणपाट होतं, आत लकडगंजच्या आरागिरणीतला लाकडाचा भुसा, भुशात बर्फ आणि बर्फात बाटली. "लादी सकाळी येते, हातोडीनं फोडतो. हात लावून पाहा, बाई. असा गारठा नागपुरात कुठं भेटणार नाही."

शामलानं बर्फाला बोट लावलं तर ते क्षणभर चिकटलंच. पेटी नवी होती, झाकणावर पेंटरची तारीखसुद्धा ताजी, पण तळाच्या कडा गंजून कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या आणि पत्र्यावर पांढरी खपली धरली होती. पेटीच्या शेजारी, चुन्याच्या जमिनीवर चार गोल खुणा होत्या. त्यांच्या वर भिंतीत विजेचं नवंकोरं बटण होतं.

"इथं काय होतं?"

"कपाट होतं," चंपतराव घाईनं म्हणाले. कपाटाला वीज कशाला लागते, हे विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कैदी बोलला, "वकीलीनबाई, औषधाचं पाह्यता तं जरा वरणाचंबी पाहा. पंधरा दिवस झाले, निस्तं अळणी. भटारखान्यातलं मीठ कोण खाऊन राह्यलं, देव जाणे."

"तुमच्यासाठी वेगळा अर्ज करू, बाबा," शामला म्हणाली आणि बाटली उजेडात धरली. हे औषध दुधासारखं पांढुरकं असतं आणि हलवलं की एकजीव होतं, हे तिला पंचफुलामुळे ठाऊक होतं. तिनं बाटली हलवली, परत हलवली. पांढरे दाणे काचेला चिकटले ते सुटेनात. कोणीतरी या बाटलीत काहीतरी केलं होतं.

३

पहिला संशय चंपतरावांवर जाणं साहजिकच होतं. जेलची औषधं लकडगंजात विकली जातात, अशी कुजबुज साऱ्या गावात होती. खरं औषध काढून आत खडूचं पाणी भरलं, की सुई रोज टोचली जाणार आणि माणूस रोज मरणार. शामलानं हे त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं.

चंपतराव आधी लाल झाले, मग पांढरे. "बाई, पोरीची शपथ घेऊ काय? मी भित्रा माणूस आहे. साहेब म्हणतील तिथं सही करतो. पण कोणाच्या औषधात पाणी नाही घातलं."

"मग आपण बघूच."

त्याच संध्याकाळी ती बर्डीवरून नवी बाटली घेऊन आली. ती थर्मासात घालून आणली, बाटलीच्या पत्र्याच्या झाकणावर सेफ्टी पिननं बारीक फुली कोरली आणि पेटीत ठेवताना स्वतः उभी राहिली. आत औषध दुधासारखं सरळ एकजीव होतं. त्या दिवसाचा भाग धोंडबाला आधीच देऊन झाला होता. उद्या सकाळी ही बाटली फोडायची, आणि तीही माझ्यासमोर, असं तिनं बजावलं. पेटी सांभाळायला देवाजी होता. उंच, वाकलेला, पन्नाशीचा माणूस. तो बाटलीकडे असा पाहत होता, जशी काही ती त्याच्याच घरची आहे.

"बाई, हिच्यानं उतरंल ना धोंडबाची साखर?" त्यानं विचारलं.

"उतरायला पाहिजे."

शनिवारी सकाळी ती पोचली तेव्हा देवाजी पेटीपाशी नव्हता. तो खिडकीत उन्हाला उभा होता आणि त्याचा डावा हात अंगाशी घट्ट दाबलेला होता. चंपतरावांनी हाक मारली तसा तो आला आणि काखेतून बाटली काढून त्यांच्या हातावर ठेवली. बाटली कोमट होती.

शामलाचे डोळे बारीक झाले. "पेटीतली बाटली काखेत काय करत होती?"

"थंडी सुई त्याले दुखते जी," देवाजी खाली मान घालून म्हणाला. "म्हून मी आधीच काढतो. जराशी गरम करून देतो."

अदलाबदल करायला याहून सोयीची जागा कुठली? शामलानं बाटली जवळजवळ हिसकावून घेतली आणि झाकण उजेडात धरलं. फुली होती, तिचीच होती, एक पाय आखूड राहिलेली. पत्र्याचं सील कुठं उचकटलेलं नव्हतं, रबराला सुईचं भोक नव्हतं. ही तीच बाटली होती आणि अजून कोणी उघडलेली नव्हती.

तिनं ती हलवली. काचेवर पांढरे दाणे चढले आणि तिथंच राहिले.

४

बंद बाटलीतलं औषध रातोरात कसं नासतं? शामलाला रडू यायचं बाकी होतं. दुसरं औषध हाताशी नव्हतं. काहीच न देण्यापेक्षा बरं म्हणून चंपतरावांनी तेच टोचलं. धोंडबानं डोळेही उघडले नाहीत.

तिनं देवाजीला व्हरांड्यात बसवलं. "तुम्ही काय केलं होतं? सजा कशाची?"

"भागीदाराले मारलं. लकडगंजात आमची मटका कुल्फीची गाडी होती. रागाच्या भरात झालं जी. बारा वर्षं झाली, अजून त्याचं तोंड दिसते." तो हातांकडे पाहत होता. तळव्यांची कातडी भेगाळून पांढरी पडली होती.

"धोंडबाशी तुमचं काय?"

"काही नाही. तो मले 'काका' म्हणते. बारा वर्षांत मले येथी कोणी नात्यानं हाक नाही मारली."

बाजूनं जाणाऱ्या शिपायानं बिडी पेटवली. देवाजीच्या नाकपुड्या हलल्या. "काहून गा देवाजी, सोडली काय तू?" शिपाई हसला. "हा बाई, दिवसाचं बंडल ओढणारा माणूस. पंधरा दिवसांपासून साऱ्या बिड्या भटारखान्यात वाटून राह्यला. संत झाला."

शामला बर्डीवर परत गेली. दुकानातल्या त्याच खोक्यातल्या उरलेल्या बाटल्या तिनं एकेक करून हलवल्या. सगळ्या एकजीव, दुधासारख्या. म्हणजे माल खराब नव्हता. चंपतरावांनी पाणी घातलं नव्हतं. देवाजीनं बाटली बदलली नव्हती. पंचफुलाची मुलाखत तर साहेबांनी पंधरा दिवसांपासून बंदच केली होती आणि धोंडबा ढासळला तो नेमका याच पंधरा दिवसांत. मग मोहफुलांचा दोष कसा? दिवसभर फिरून तिच्या हाती उरलं काय, तर ज्यांनी ज्यांनी केलं असेल असं वाटलं त्यांपैकी कोणीच केलं नव्हतं. आणि सोमवार उंबऱ्यावर आला होता. एक चांगली बाटली तिनं थर्मासात घेतली होती, पण तोवर जेलचं फाटक बंद झालं होतं.

रात्री पंचफुलानं आग्रहानं स्वयंपाक केला. हाताला काम नसलं तर ती वेडी झाली असती. शामलानं पहिला घास घेतला आणि थांबली.

"काय झालं जी?"

"काही नाही. वरण अळणी झालं."

"अवं माय! मीठच इसरली." पंचफुला लगबगीनं बरणी आणायला उठली. खडेमिठाची बरणी होती. शामला तिच्या हातातल्या त्या पांढऱ्या खड्यांकडे बघतच राहिली.

भटारखान्यातलं मीठ कोण खातं? मीठ कोणी खात नसतं. जिथं रोज मूठ मूठ मीठ जातं, तिथं पत्रा गंजतो आणि त्यावर पांढरी खपली धरते. तिथं हात भेगाळतात. आणि एक बिडीबाज माणूस बिड्या देऊन भटारखान्यातून काय आणत असेल?

"पंचफुला," ती म्हणाली, "दुकानवाला काय म्हणाला होता? औषध उन्हानं मरते आणि?"

"लय गारठ्यानंबी मरते."

शामलानं ताट सारलं. जेलचं फाटक आता सकाळपर्यंत उघडणार नव्हतं. त्या रात्री तिला आणि पंचफुलाला, दोघींनाही झोप आली नाही.

५

रविवारी सकाळी ठोंबरे स्वतः दवाखान्यात हजर होते, हसू जागेवर ठेवून. चंपतराव होते, देवाजी होता. शामलाच्या खांद्याला थर्मास होता, त्यात नवी बाटली.

"आधी ही द्या," तिनं चंपतरावांना सांगितलं. "पेटीत न ठेवता."

"बाहेरचं औषध माझ्या परवानगीशिवाय..." ठोंबऱ्यांनी सुरुवात केली.

चंपतरावांनी बाटली घेतली. हलवून उजेडात पाहिली. "साहेब, सही मी करीन," ते म्हणाले आणि सुई भरली. भित्र्या माणसाला धीर यायला बहुधा एक सकाळ पुरते.

सुई टोचून झाल्यावर शामला पेटीपाशी गेली. गोणपाट काढलं, भुसा बाजूला केला. बर्फाच्या तळाशी साचलेल्या पाण्यात तिनं बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

ते खारट होतं. समुद्रासारखं खारट.

"साधा बर्फ औषधाला थंड ठेवतो," ती म्हणाली. "त्यात मीठ घातलं की तो कुल्फी जमवतो. या पेटीत औषध रोज जमत होतं. गोठून वितळलेलं इन्शुलिन बरंचसं मेलेलं असतं, म्हणून त्यात दाणे होतात. सकाळी बाटली चंपतरावांच्या हातात येईपर्यंत ती काखेत कोमट झालेली असायची. म्हणून ती गोठलेली देवाजीशिवाय कोणी पाहिलीच नाही."

सगळ्यांच्या माना देवाजीकडे वळल्या. देवाजी मात्र धोंडबाकडे पाहत होता. शामला काय बोलली ते त्याच्या डोक्यावरून गेलं असावं. त्याला एवढंच कळलं होतं की मिठाची गोष्ट निघाली आहे.

"मिठाशिवाय बर्फाले जोर येत नाही जी," तो हात जोडून म्हणाला. "कंपाउंडरसाहेब बोलले होते, बर्फ गळला तं औषध नासंल, धोंडबा मरंल. म्हून मी बिड्या देऊन मीठ आणलं. तो खंगत चालला तसं मी रोज थोडं जास्तच टाकलं." मग त्यानं घाबरत विचारलं, "कमी पडलं काय, बाई?"

 शामलाला वाटलं, आपण ही गोष्ट शोधून काढली नसती तर बरं झालं असतं. मग तिची नजर धोंडबावर गेली आणि तिनं तो विचार गिळला.

"देवाजीकाका," ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, "मिठानंच औषध मेलं."

त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो भिंतीला पाठ घासत खाली बसला आणि दोन्ही भेगाळलेले हात त्यानं अंगाखाली दाबून धरले.

ठोंबऱ्यांनी घसा साफ केला. त्यांच्या आवाजात आता मोकळेपणा आला होता. "म्हणजे कैद्यानंच कैद्याचं औषध बिघडवलं. त्यात आधीच एक खून नावावर. बाई, तुम्ही तर माझी केस सोपी केलीत. उद्या कोर्टाला हेच सांगतो."

६

सोमवारी कोर्टात जायच्या आधी शामला जेलवर थांबली. चंपतराव नळी दिव्यावर धरून बसले होते. निळा रंग हलला, गढुळला आणि विटकरी होईल होईल म्हणताना हिरव्यावर थांबला. चंपतरावांनी डोळे पुसले. धोंडबानं पाणी मागितलं आणि एकदाच मागितलं.

ती निघाली तेव्हा देवाजी व्हरांड्यात उभा होता. "माहं नाव सांगा, बाई," तो म्हणाला. "लपवू नोका. फाशी झाली तरी चालंल, पण त्याचं औषध बंद नोको होऊ देऊ."

मेच्या सुट्टीत बसणाऱ्या न्यायमूर्तींसमोर सरकारी वकिलांनी सगळं रंगवून सांगितलं. एका जन्मठेपेच्या कैद्याचं कृत्य; कारागृहाची काहीही कसूर नाही; अर्ज फेटाळावा.

शामला उठली. "मायलॉर्ड, मीठ देवाजीनंच घातलं. तो स्वतः सांगतो आहे, मी लपवत नाही. त्याला माहीत होता तो एकच इलाज त्यानं केला. पण इन्शुलिनला जोर आणायची पाळी एका कुल्फीवाल्या कैद्यावर का आली? मला अधीक्षकांना एकच गोष्ट विचारायची आहे."

न्यायमूर्तींनी मान हलवली.

"शुक्रवारी आपण मला पन्हं दिलंत. छान होतं. त्यातला बर्फ कुठला?"

ठोंबरे हसले. "जेलचाच. लकडगंजची लादी."

"लादी हातोडीनं फोडतात. तिचे तुकडे वेडेवाकडे होतात. माझ्या पेल्यातले खडे चौकोनी होते, सगळे एका मापाचे. असे खडे फ्रिजच्या साच्यात होतात." तिचा आवाज आता चढला होता. "एप्रिलमध्ये धोंडबा सुधारला, कारण कोर्टाच्या हुकुमानं आणलेला फ्रिज दवाखान्यात होता. त्याच्या पायांच्या चार खुणा आणि भिंतीतलं बटण अजून तिथं आहे. मे लागला, ऊन तापलं आणि फ्रिज गेला. कोणाकडे गेला?"

न्यायमूर्तींनी चष्मा काढून ठोंबऱ्यांकडे पाहिलं. 

"बंगल्यावर," ठोंबरे म्हणाले. "घरी पाहुणे होते... तात्पुरता नेला होता."

सरकारी वकील हळूच खाली बसले. हुकूम छोटा होता. कैद्याला आजच मेडिकलला हलवा, गार्ड नसेल तर अधीक्षकांनी स्वतः सोबत जावं. फ्रिज संध्याकाळच्या आत जागेवर लावा. प्रतिज्ञापत्रात ही गोष्ट का दडवली, याचा खुलासा करा. देवाजीविरुद्ध कारवाई करायला कोर्टाला कारण दिसत नाही.

बाहेर पंचफुलानं शामलाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. शामलाही रडली, चारचौघांत, काळ्या कोटानिशी. तिला त्याची लाज वाटली नाही.

पाऊस लागल्यावर धोंडबा मेडिकलमधून परत आला. डाव्या डोळ्यानं आता त्याला अंधूक दिसायचं, ते काही भरून येणार नव्हतं. पण चालत आला. शामला आणि पंचफुला त्याला भेटायला गेल्या तेव्हा दवाखान्यात फ्रिज आपल्या चार खुणांवर उभा राहून घरघरत होता. देवाजी मात्र दिसला नाही.

"त्यानं इथलं काम सोडलं," चंपतराव हळूच म्हणाले. "बराकीत बसून राहतो. जेवणातलं मीठ सोडलं. वरणाला हात लावत नाही, कोरडी भाकर खातो. मी लाख समजावलं."

सुई द्यायची वेळ झाली. चंपतराव फ्रिजकडे वळले तसा धोंडबा म्हणाला, "थांबा जी. काकाले बोलवा."

"अरे, तो यायचा नाही."

"मग मीबी घेत नाही."

पंचफुला ओरडली, "अवो, काय बोलून राह्यले!" पण धोंडबानं तोंड फिरवलं होतं. धुऱ्यावरच्या वावभर जमिनीसाठी काठी उचलणारा माणूस तो, हट्टाला कमी पडणार नव्हता.

शिपाई देवाजीला घेऊन आला. तो दारातच थबकला, पायरी चढेना. मग धोंडबाच्या त्या एका बऱ्या डोळ्याकडे पाहून आत आला. फ्रिज उघडला, बाटली काढली आणि तिथंच उभा राहिला. तिचं काय करावं, हे त्याला कळत नव्हतं. हात लांब धरलेला होता, जशी काही ती फुटेल.

"काका," धोंडबा म्हणाला, "असा काहून उभा राह्यला गा? जराशी गरम कर ना. थंडी सुई मले दुखते."

देवाजीनं चंपतरावांकडे पाहिलं. चंपतरावांनी शामलाकडे. शामलानं मान हलवली. तेव्हा त्यानं बाटली दोन्ही तळव्यांत धरली आणि खाटेच्या कडेला बसून राहिला.